पहिला गेमिंग माऊस: आधी हात मोजा, मग खोका वाचा

गेमिंग माऊसच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरात छापलेला असतो तो डीपीआयचा आकडा, म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो किती पावलं कळवतो तो. ८,०००, १२,०००, २६,०००. नव्या माणसाला वाटतं आकडा मोठा म्हणजे माल चांगला, आणि दुकानदारही बोट ठेवून तोच आकडा दाखवतो. पण तुमच्या खेळावर सगळ्यात कमी परिणाम त्याच आकड्याचा होतो. ज्या गोष्टींचा खरा परिणाम होतो, म्हणजे आकार, वजन, क्लिकचा दर्जा, त्या खोक्यावर एक तर बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच.

नुकताच पीसी जुळवलाय, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सुरू केलंय आणि अजून ऑफिसच्या माऊसवरच खेळताय, अशांसाठी हा लेख आहे. भर नेमबाजीच्या खेळांवर दिलाय, कारण माऊसची खरी परीक्षा तिथेच होते. डोटा २ किंवा एज ऑफ एम्पायर्ससारखे खेळ खेळत असाल तर आकार, क्लिक आणि खरेदीबद्दलचं सगळं तुम्हालाही लागू आहे. वजन आणि सेन्सिटिव्हिटीची (हात हलवला की खेळातला नेम किती फिरतो त्याची) चिंता थोडी कमी करा. अंगठ्याखाली बारा बटणं असलेले माऊस मोठ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांसाठी असतात. नेमबाजीत ते आड येतात.

पायरी १: टेबलावरची जागा बघा

माऊस बघण्याआधी टेप घ्या आणि टेबल मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अजून तेच जुनं कॉम्प्युटर टेबल असतं: वर मॉनिटर, खाली बाहेर सरकणारा कीबोर्डचा ट्रे, आणि त्या ट्रेवर कीबोर्डशेजारी माऊसला जेमतेम वीतभर जागा. एवढ्या जागेत कुठलाही माऊस नीट चालणार नाही, मग तो दहा हजारांचा का असेना. नेमबाजीत हात मोकळा फिरावा लागतो. पात्राला स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी द्यायला साधारण ३० ते ५० सेंमी माऊस सरकवावा लागेल अशी सेन्सिटिव्हिटी अनेक चांगले खेळाडू ठेवतात. म्हणजे माऊससाठी निदान ४० सेंमी रुंद मोकळी जागा हवी.

ट्रे असेल तर माऊस आणि कीबोर्ड दोन्ही वरच्या फळीवर आणा. जागा तरीही कमी पडली तर कीबोर्ड तिरका ठेवा, डावी कड तुमच्याकडे ओढून. स्पर्धांचे व्हिडिओ पाहिले असतील तर अनेक खेळाडूंचा कीबोर्ड असाच तिरका, कधी जवळजवळ उभा दिसतो. त्याचं मोठं कारण जागाच आहे. कोपर आणि कोपरापुढचा हात टेबलावर टेकेल इतकी खुर्ची वर घ्या. फक्त मनगट टेबलाच्या धारेवर टेकवून तासन्‌तास खेळलात तर मनगट दुखायला लागेल आणि दोष माऊसला द्याल.

दुसरं म्हणजे पॅड. चकचकीत सनमायका किंवा काचेवर सेन्सर गडबडतो. माऊसच्या बजेटमधून पॅडचे पैसे आधी बाजूला काढा. ४५ × ४० सेंमीचं कापडी पॅड, शिवलेल्या कडा, खाली रबर, एवढं पुरे. शिवलेली कड महत्त्वाची, कारण नुसती कापलेली कड काही महिन्यांत उसवते आणि मनगटाला टोचत राहते. पॅडमध्ये दोन जाती सांगतात, 'स्पीड' आणि 'कंट्रोल'. स्पीडवर माऊस घसरतो, कंट्रोलवर जरा अडतो. नवख्याने कंट्रोलकडे झुकणारं घ्यावं. थांबायचं तिथे हात थांबतो. काचेच्या पॅडच्या नादी सध्या लागू नका.

पायरी २: हात मोजा आणि पकड ओळखा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. माऊस हा चपलेसारखा आहे. मापात नसेल तर किंमत कितीही असो, टोचणारच.

पट्टी घ्या. उजवा तळवा सपाट पसरा. मनगटाच्या पहिल्या सुरकुतीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. मग अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी रुंदी मोजा. लांबी १७ सेंमीपेक्षा कमी असेल तर हात लहान, १७ ते १९.५ मध्यम, त्यापुढे मोठा, असा ढोबळ हिशेब गेमिंगच्या दुनियेत चालतो. अजून एक कच्चा हिशेब म्हणजे माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के असावी. १८ सेंमीच्या हाताला सुमारे ११ सेंमीचा माऊस. ही काही दगडावरची रेघ नाही; पकडीप्रमाणे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर इकडेतिकडे होतं.

आता पकड. समोर असलेला कुठलाही माऊस घ्या, खेळ सुरू करा आणि दहा मिनिटांनी हात न हलवता खाली बघा. मुद्दाम पकडू नका, हात आपोआप कसा बसलाय ते बघा.

पूर्ण तळवा माऊसवर टेकलाय, बोटं बटणांवर सपाट पसरलीत, तर ती पाम पकड. हात आरामात राहतो, हालचाल खांद्यापासून आणि कोपरापासून होते. या पकडीला पाठीचा उंचवटा मोठा असलेला, लांब माऊस लागतो. रेझर डेथॲडरचा आकार याचं नमुनेदार उदाहरण: सुमारे १२७ मिमी लांब, उजव्या हातासाठी वळवलेला, पाठ फुगीर. २००६ पासून हा आकार थोड्याफार फरकाने बाजारात टिकून आहे, आणि मोठ्या हातांना तो अजूनही सहसा मानवतो.

तळव्याचा फक्त मागचा भाग टेकलाय, बोटं कमानीसारखी वाकलेली आणि टोकं बटणांवर उभी, तर ती क्लॉ पकड. नेमबाजीत ही फार दिसते. क्लिक पटकन होतो आणि बोटांनी माऊस किंचित मागेपुढे ओढता येतो, वर-खाली नेम सुधारायला ते उपयोगी पडतं. मध्यम लांबीचा, उंचवटा जरा मागे असलेला माऊस या पकडीला जमतो.

तळवा अजिबात टेकत नाही, फक्त बोटांच्या टोकांनी माऊस धरलाय, तर ती फिंगरटिप पकड. तिला छोटा, बुटका आणि हलका माऊस हवा. जड माऊसवर ही पकड थकवते.

बऱ्याच जणांची पकड दोन प्रकारांच्या मधली असते, पाम आणि क्लॉ यांचं मिश्रण. त्यात चूक काही नाही. व्हिडिओ बघून स्वतःची पकड बदलायला जाऊ नका. ज्या पकडीत हात विसरला जातो ती तुमची पकड.

हातात घेऊन बघता येत असेल तर या गोष्टी तपासा. करंगळी आणि अनामिका उजव्या बाजूला नीट बसतात का, की करंगळी पॅडवर घासत राहते? अंगठ्याला बाजूची दोन्ही बटणं न ताणता लागतात का? बोटांची टोकं बटणांच्या पुढे लोंबत असतील तर माऊस लहान आहे. क्लिकच्या जागेपर्यंत ती नीट पोचत नसतील तर मोठा. मग माऊस उचला, म्हणजे खेळताना उचलून पुन्हा मध्ये आणतो तसा. अंगठा आणि करंगळी-अनामिकेच्या चिमटीत तो न सटकता उचलला गेला पाहिजे. कमी सेन्सिटिव्हिटीवर ही हालचाल एका सामन्यात शेकडो वेळा होते, म्हणून दुकानात निदान पाच-सहा वेळा उचलून बघा.

दुकानात उघडा नमुना मिळाला नाही तर जवळच्या गेमिंग कॅफेत जा आणि तासाभराचे पैसे भरून तिथल्या माऊसवर खेळा. मॉडेलचं नाव माऊसच्या पोटावर लिहिलेलं असतं, ते टिपून ठेवा. मित्रांकडचे माऊसही असेच धरून बघा. ऑनलाइन परीक्षण लिहिणाऱ्याचा हात तुमच्या हाताएवढा नसतो, म्हणून शंभर परीक्षणं वाचण्यापेक्षा हा एक तास जास्त कामाचा.

डावखुऱ्यांसाठी वेगळा इशारा. 'दोन्ही हातांसाठी' असं म्हणून विकले जाणारे बरेच माऊस आकाराने सारखे असतात खरे, पण बाजूची दोन्ही बटणं डाव्या अंगालाच असतात. लॉजिटेक जी१०२ तसाच आहे. डाव्या हातात धरलात तर ती बटणं अंगठ्याखाली न येता करंगळीकडे जातात. विंडोजमध्ये डावं-उजवं क्लिक उलटवता येतं, बाजूच्या बटणांची जागा उलटवता येत नाही. फोटो दोन्ही बाजूंनी बघूनच घ्या.

पायरी ३: वजन

दहा-बारा वर्षांपूर्वी जड माऊस म्हणजे दमदार माऊस असा समज होता. लॉजिटेकच्या जी५०२ बरोबर तर वजन वाढवण्यासाठी ३.६ ग्रॅमचे पाच तुकडे वेगळे येत, आणि हीरो सेन्सरची आवृत्ती त्यांच्याविनाही १२१ ग्रॅम भरते. आज चक्र उलटं फिरलंय. २०२० मध्ये आलेला जी प्रो एक्स सुपरलाइट बॅटरीसकट ६३ ग्रॅमच्या आत आहे आणि २०२२ चा रेझर व्हायपर व्ही२ प्रो ५८ ग्रॅमचा.

कारण सरळ आहे. माऊस झटक्यात हलवायचा आणि नेमक्या जागी थांबवायचा असतो. वजन जितकं जास्त, तितकं थांबवायला जास्त बळ लागतं आणि नेम शत्रूच्या डोक्यापलीकडे जातो. पण म्हणून पहिल्याच माऊसला ६० ग्रॅमचा हट्ट धरू नका. ऑफिसच्या माऊसवरून येणाऱ्याला ८५ ग्रॅमचा जी१०२ सुद्धा पुरेसा हलका वाटतो. माझं मत विचाराल तर पहिला माऊस १०० ग्रॅमच्या आत असावा आणि आकार मापात असावा. आकार आणि वजन यांत एकच मिळत असेल तर आकार घ्या.

लॉजिटेक जी३०४ चं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. तो वायरलेस आहे, आकार जवळपास जी१०२ चाच, पण आत एक साधा डबल-ए सेल बसतो आणि एकूण वजन ९९ ग्रॅमपर्यंत जातं. साधा अल्कलाइन डबल-ए सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, म्हणजे जवळपास पाव वजन एकट्या सेलचं, आणि तेही मागच्या बाजूला. डबल-ए लिथियम सेल सुमारे १५ ग्रॅमचा येतो. ट्रिपल-ए सेल त्याहून हलका, सुमारे १२ ग्रॅमचा, आणि तो बसवायची प्लास्टिकची छोटी नळी स्वस्तात मिळते. त्यात सेल लवकर संपतो, पण माऊस हातात स्पष्ट हलका लागतो आणि मागे ओढल्यासारखा वाटत नाही. जी३०४ घेतलात तर हा बदल जरूर करून बघा.

पायरी ४: डीपीआय आणि सेन्सर

८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो कॉम्प्युटरला ८०० पावलं कळवतो. विंडोजमध्ये पॉइंटरचा वेग मधल्या, म्हणजे सहाव्या खुणेवर असेल तर एक पाऊल म्हणजे एक पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ८०० डीपीआयवर सुमारे ६ सेंमीत ओलांडला जातो. हाच हिशेब १२,००० डीपीआयला लावा. माऊस ४ मिमी हलला की पॉइंटर एका कडेहून दुसऱ्या कडेला! त्या वेगावर कोणी नेम धरू शकत नाही. व्यावसायिक खेळाडूही बहुतेक ४०० ते १६०० डीपीआयच्या दरम्यानच खेळतात. म्हणून खोक्यावर ८,००० आहे की २६,०००, याने काही बिघडत नाही.

सेन्सर मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्याची कसोटी वेगळी. हात जोरात झटकला तरी मोजमाप चुकू नये, हात सावकाश आणला तर तेवढंच मोजावं, आणि स्वतःची अक्कल चालवून तिरकी रेघ सरळ करू नये. पिक्सआर्टचे ३३६० आणि ३३७० हे सेन्सर, नंतरचे ३३९५ आणि ३९५०, लॉजिटेकचा हीरो, हे सगळे या कसोटीवर उतरतात. जी३०४ मधला हीरो सेन्सर ४०० आयपीएसपर्यंत (सेकंदाला ४०० इंच) माग ठेवतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर. इतक्या वेगाने टेबलावर कोणाचाच हात फिरत नाही. यांपैकी कुठलाही सेन्सर असेल तर पुढे तुलना करत बसू नका.

सेन्सरचं नावच न सांगता फक्त '७२०० डीपीआय गेमिंग' म्हणून रंगीत दिव्यांसह चार-पाचशे रुपयांत विकले जाणारे माऊस टाळा. त्यांतल्या अनेकांत खरा सेन्सर कमी क्षमतेचा असतो आणि वरचे आकडे गुणाकाराने फुगवलेले असतात. फुगवलेल्या डीपीआयवर पॉइंटर पावलं गाळत उड्या मारतो.

पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा कॉम्प्युटरला खबर देतो तो आकडा. साधा माऊस १२५ हर्ट्झ, दर ८ मिलिसेकंदाला एकदा. गेमिंग माऊस १००० हर्ट्झ, दर मिलिसेकंदाला. १००० पुरे. ४००० आणि ८००० हर्ट्झमुळे प्रोसेसरवर भार वाढतो, आणि जुन्या प्रोसेसरवर खेळ उलट अडखळतो.

पायरी ५: क्लिक, चाक आणि आवरण

गेमिंग माऊस सहसा सेन्सरमुळे निकामी होत नाहीत, क्लिकमुळे होतात. बटणाखालच्या छोट्या स्विचमध्ये धातूची पातळ पट्टी असते. ती झिजली किंवा तिच्या टोकावर गंज-काजळी धरली की एका दाबाला दोन क्लिक पडायला लागतात. स्नायपर रायफल धरून एक गोळी झाडायला जाता आणि खेळ दोन समजतो. फाइल ओढताना मध्येच सुटते. हा आजार सगळ्याच कंपन्यांच्या माऊसना होतो, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, हे घेण्याआधी विचारा.

ऑप्टिकल स्विचमध्ये धातूच्या टोकांऐवजी प्रकाशाचा किरण तुटतो आणि क्लिक नोंदला जातो, त्यामुळे डबल क्लिकचा हा आजार तिथे होत नाही. बजेटमध्ये मिळाला तर घ्या. साधे ओमरॉन, काइल्ह किंवा हुआनो स्विच असतील तरी घाबरायचं कारण नाही. वॉरंटी संपल्यावर मोबाइल किंवा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सोल्डर करून असा स्विच बदलून देऊ शकतो.

चाक फिरवताना प्रत्येक खाच बोटाला कळली पाहिजे. अनेक जण उडी किंवा शस्त्र बदलणं चाकावर लावतात; सैल चाक असेल तर नको तेव्हा शस्त्र बदलतं.

आता आपल्या हवामानाचा मुद्दा, जो परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. काही माऊसना वरून किंवा बाजूंना रबरासारखा मऊ लेप असतो. दुकानात हाताला फार छान लागतो. पण मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत आणि मे महिन्याच्या घामात तो लेप दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो. नंतर त्याला धूळ चिकटते आणि तो नखाने सोलला जातो. आमच्याकडे किनारपट्टीला साधं, किंचित खरखरीत प्लास्टिकच बरं. हाताला फार घाम येत असेल तर चकचकीत पृष्ठभागही टाळा. वर भोकं पाडून हलके केलेले माऊस घामाला बरे, पण धुळीला वाईट. उघड्या खिडकीजवळ टेबल असेल तर विचार करा.

पायरी ६: तार की वायरलेस

चांगल्या २.४ गिगाहर्ट्झ वायरलेस माऊसमध्ये आणि तारेच्या माऊसमध्ये खेळताना फरक जाणवत नाही. 'चांगल्या' हा शब्द महत्त्वाचा, कारण ब्लूटूथवर खेळायचं नाही. ब्लूटूथ उशिराने खबर देतो. तो लॅपटॉपवरच्या कामापुरता ठीक.

वायरलेस घेतलात तर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली खोचू नका. निळ्या यूएसबी ३ पोर्टांतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो, आणि त्यामुळे माऊस मध्येच अडखळतो. बऱ्याच माऊसबरोबर छोटी जोडतार येते ती याचसाठी. डोंगल वर टेबलावर आणा, माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवा. वायरलेस माऊस अडखळतो अशा पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

बजेट दोन हजारांच्या आत असेल तर सरळ तारेचा घ्या. त्या पैशांत तारेत जास्त चांगला माल येतो. तार मऊ आहे का ते बघा. कडक गुंफलेली तार पॅडच्या कडेला अडते आणि नेम ओढते. तशी निघाली तर मॉनिटरच्या खालच्या कडेला कागदाचा काळा क्लिप लावून तार थोडी सैल सोडून वर टांगा, म्हणजे ती पॅडवर घासणार नाही.

पायरी ७: किती पैसे, कुठून

सध्याच्या बाजारात साधारण असं चित्र आहे. हजार ते दोन हजारांत नावाजलेल्या कंपनीचा तारेचा माऊस मिळतो, आणि नव्वद टक्के नवख्यांना हाच पुरतो. लहान-मध्यम हात आणि क्लॉ पकड असेल तर जी१०२ सारखा, मोठा हात आणि पाम पकड असेल तर डेथॲडर इसेन्शियलसारखा. अडीच ते चार हजारांत वायरलेस सुरू होतं. दहा हजारांपुढे व्यावसायिकांचे माऊस. तिथे शेवटच्या वीस-तीस ग्रॅमसाठी पैसे मोजायचे असतात, आणि तो फरक कळायला हात आधी तयार व्हावा लागतो. आवडत्या खेळाडूचा माऊस तसाच्या तसा घेऊ नका. तो त्याच्या हाताचा आहे.

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जवळ आहे. तिथे भाव करता येतो, माल हातात धरून बघता येतो. पण पक्कं जीएसटी बिल घ्याच, आणि खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव आणि एमआरपीचा स्टिकर आहे का ते बघा. तो नसेल तर माल बाहेरच्या बाहेर आलेला असू शकतो आणि भारतात वॉरंटी नाकारली जाऊ शकते. नकली मालही फिरतो. अनुक्रमांक माऊसच्या पोटावर आणि खोक्यावर सारखाच असला पाहिजे. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते वाचा, आणि 'परत घेऊ' आणि 'बदलून देऊ' यांतला फरक बघून ठेवा. अनेक माऊसवर फक्त बदलून मिळतो, म्हणजे आकार पटला नाही तर तोच आकार पुन्हा येणार.

पायरी ८: घरी आणल्यावर

पहिल्या दिवशीच हे करून टाका, परत किंवा बदलून घ्यायची मुदत चालू असतानाच.

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण असते. नाव छान आहे, पण ती काढून टाका. ती चालू असेल तर त्याच अंतराला हात जोरात गेला की पॉइंटर जास्त जातो, हळू गेला की कमी. हाताला अंतराची सवय लागायची असेल तर एक सेंमी म्हणजे नेहमी तेवढंच असलं पाहिजे.

मग पेंट उघडा आणि सावकाश मोठी वर्तुळं आणि तिरक्या रेघा काढा. वर्तुळात सपाट टप्पे दिसत असतील, किंवा किंचित तिरकी रेघ आपोआप आडवी होत असेल तर माऊस रेघा सरळ करतोय. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बंद करता येतं का बघा. येत नसेल तर माऊस परत करा.

पुढची चाचणी खेळातल्या सरावाच्या मैदानात. माऊसची डावी कड एका जाड पुस्तकाला टेकवा आणि नेम भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर ठेवा. उजवीकडे जोरात झटका द्या, मग अगदी सावकाश परत आणून पुस्तकाला टेकवा. नेम त्याच खुणेवर यायला हवा. थोडाफार फरक हाताचा असतो, पण नेम भलतीकडेच गेला तर सेन्सर झटक्यात चुकतोय.

उचलल्यावरचं अंतरही तपासा, म्हणजे माऊस किती वर उचलला की सेन्सर मोजणं थांबवतो ते. जुनी डीव्हीडी घरात असेलच, ती १.२ मिमी जाड असते. माऊसचा सेन्सर नेमका डीव्हीडीच्या मधल्या भोकावर येईल असा माऊस तिच्यावर ठेवा आणि दोन्ही मिळून सरकवा. एका डीव्हीडीवर पॉइंटर हलला तर ठीक. दोन डीव्हीड्या एकावर एक ठेवूनही आरामात हलत असेल तर माऊस उचलताना नेम ओढला जाईल. सॉफ्टवेअरमध्ये 'लिफ्ट-ऑफ' कमी करा.

शेवटी सेन्सिटिव्हिटी. माऊस ८०० डीपीआयवर ठेवा. व्हॅलोरंटमध्ये ०.४ लावा. यावर पूर्ण गिरकीला सुमारे ४१ सेंमी लागतात, म्हणजे तुम्ही घेतलेल्या ४५ सेंमीच्या पॅडवर एका सरकवण्यात पूर्ण मागे वळून पुन्हा समोर येता येतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तोच वेग हवा असेल तर व्हॅलोरंटचा आकडा ३.१८ ने गुणा: ०.४ चे १.२७ होतात. पुढे कधी १६०० डीपीआय केलंत तर खेळातला आकडा निम्मा करा, वेग तोच राहतो.

सुरुवातीला हे फार संथ वाटेल. ऑफिसच्या माऊसवर मनगटाच्या एका झटक्यात फिरायची सवय असते, इथे अख्खा हात फिरवावा लागतो. शत्रू मागून आला की वळायला उशीर होतोय असं वाटेल. दोन-तीन आठवडे आकड्याला हात लावू नका. रोज सामन्याआधी दहा-पंधरा मिनिटं सरावाच्या मैदानात फक्त सावकाश, अचूक गोळ्या मारा. त्यानंतर नेम सतत डोक्याच्या अलीकडेच राहत असेल तर ०.०२ ने वाढवा, पलीकडे जात असेल तर तेवढाच कमी करा, आणि पुन्हा आठवडाभर थांबा.

या काळात करंगळी दुखते का, अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो का, तळव्यावर एकाच जागी वळ उठतो का, याकडे लक्ष ठेवा. पहिले तीन-चार दिवस नव्या आकाराचा थोडा त्रास चालतो. आठवड्यानंतरही तीच जागा दुखत असेल तर आकार मापाचा नाही. मुदत उरली असेल तर परत करा. गेली असेल तर बिल आणि खोक्यासकट मित्रांच्या ग्रुपवर विकायला टाका. हजार-दीड हजाराचा चालू माऊस पटकन जातो. आणि पुढचा घ्यायला जाताना दुखणारी जागा नेमकी कुठली होती ते लक्षात ठेवा. करंगळी घासत असेल तर जास्त रुंद माऊस बघा, तळव्याच्या मध्यावर वळ असेल तर कमी उंचवट्याचा.